जोर कुठे गळतो : घसरणारे पट्टे, क्लच आणि गिअरबॉक्स

इंजिनात तयार झालेला जोर चाकापर्यंत किंवा पात्यापर्यंत पोचण्याआधी अनेक दुव्यांतून जातो. काही दुवे दात्यांचे असतात : गिअर, साखळी, स्प्लाइन. ते चालतात, तुटतात किंवा सटकतात. अर्धवट चालणे त्यांना जमत नाही. बाकीचे दुवे निव्वळ घर्षणावर उभे असतात : पुलीला बिलगलेला पट्टा, फ्लायव्हीलवर दाबलेली क्लच प्लेट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेल्या चकत्या. इंजिनाकडची बाजू मिनिटाला दोन हजार फेरे फिरते, चाकाकडची सतराशेच, आणि मधल्या तीनशे फेऱ्यांचा जोर उष्णता होऊन निघून जातो. घसरण म्हणतात ती हीच. ती ओळखणे, ती कोणत्या दुव्यात आहे हे शोधणे आणि तिथे ती का आली हे ठरवणे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. यातले पहिले काम सोपे, दुसरे कठीण, आणि तिसरे बहुतेक ठिकाणी केलेच जात नाही.

मुळशी तालुक्यात हे सगळे दुवे एकाच रस्त्यावर भेटतात. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगावच्या कोंडीत हाफ क्लचवर इंच-इंच सरकणाऱ्या मोटारी दिसतात, पिरंगुट घाटात खडीचे डंपर, पौडच्या पुढे भातखाचरांत पॉवर टिलर. ताम्हिणी घाटात पावसाळी सहलीला निघालेल्या, पाच जण आणि सामान भरलेल्या गाड्या चढावर थांबत-निघत असतात. हिंजवडीच्या आयटी पार्कमधली हिरवळ, लवळ्याकडचे गोल्फचे मैदान आणि मुळशीभर पसरलेली फार्महाउसे यांच्यासाठी बसून चालवायची गवतकापणी यंत्रे आली आहेत. बांधावरच्या गवताला खांद्यावरचा ब्रश कटर पुरतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत यातले प्रत्येक यंत्र ओल्यात, चिखलात आणि पुऱ्या भाराखाली राबते. मे महिन्यात बिनतक्रार चालणारा पट्टा आषाढात किंचाळू लागतो, कारण घर्षणाचा दुवा आपल्या क्षमतेच्या कडेवर आधीपासूनच उभा असतो. पाऊस त्याला फक्त कडेपलीकडे ढकलतो.

या क्षमतेचे गणित जुने आहे. आमोंतों याने १६९९ मध्ये आणि पुढे कुलोंब याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेला नियम सांगतो की घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते. क्लच किती टॉर्क पेलेल हे त्यामुळे चार गोष्टींनी ठरते : स्प्रिंगचा दाब, पृष्ठभागांचा घर्षणांक, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. शेवटच्या दोन कारखान्यातच ठरून येतात. म्हणून पूर्वी नीट चालणारे यंत्र आज घसरत असेल, तर कारणे तीनच उरतात : दाब कमी झाला, पकड गेली किंवा भार वाढला. या पुस्तकातले सगळे निदान या तीन प्रश्नांभोवती रचलेले आहे. गॅरेजमध्ये पहिले दोन प्रश्न विचारले जातात. तिसरा सहसा विसरला जातो. गवतकापणी यंत्राच्या पात्याचे बेअरिंग जाम झाले असेल किंवा मोटारीचा मागचा ब्रेक चिकटून राहिला असेल, तर नवा पट्टा आणि नवी प्लेटही घसरणारच.

पट्ट्याच्या बाबतीत आणखी एक नियम लागू होतो, तो ऑयलरचा. पुलीभोवतीचा वेढा जितका मोठा, तितकी पकड नुसती वाढत नाही, घातांकाने वाढते. घर्षणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या पुलीचा धरला, तर सपाट पट्ट्याची घट्ट बाजू सैल बाजूच्या सुमारे अडीच पट ताण पेलू शकते. तोच पट्टा व्ही आकाराचा करून ३८ अंशांच्या खोबणीत बसवला की तो पाचरीसारखा आवळतो आणि हे प्रमाण सुमारे अठरा पटींवर जाते. या एका आकड्यात निम्मे निदान आहे. बाजू झिजून अरुंद झालेला व्ही-पट्टा खोबणीच्या तळाला टेकला की त्याची पाचर संपते आणि तो सपाट पट्टा होऊन बसतो. मग कितीही ताणा, तो घसरतो. खोबणीचा तळ चकाकत असेल तर हेच घडले आहे असे समजावे.

घसरण एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला वाढवते. १०० न्यूटन-मीटर टॉर्क वाहणारा क्लच मिनिटाला हजार फेऱ्यांनी घसरत असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर साडेदहा किलोवॉट उष्णता निर्माण होते. घरातले दोन किलोवॉटचे पाच गिझर एकाच वेळी एका ताटलीएवढ्या लोखंडावर चालू ठेवल्यासारखे हे आहे. लायनिंगमधली राळ जळते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, घर्षणांक आणखी उतरतो. घाटात दहा मिनिटांत प्लेट गेली असे चालक सांगतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत असेलच असे नाही.

यंत्रांत पट्टा क्लचच्या कितीतरी आधीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना म्हणजे छताखालून जाणारा एक लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे सपाट पट्टे, असे चित्र होते. मुंबईच्या गिरण्यांपासून १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत यंत्रांना गती देण्याची रीत हीच. या इतिहासात मुळशीचा भाग कडवट आहे. सेनापती बापट आणि मावळे शेतकरी यांनी १९२१ ते १९२४ या काळात ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचेच पाणी पुढे १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईकडे वीज पाठवू लागले. विजेच्या मोटारी आल्या आणि छताखालचा दांडा हळूहळू गेला. पट्टे मात्र राहिले, फक्त आखूड झाले. गावोगावच्या पिठाच्या आणि भाताच्या गिरण्यांत सपाट पट्टा पुढेही कित्येक दशके फिरत राहिला, आणि घसरू लागला की त्यावर राळ टाकायची सवयही त्याच्यासोबत राहिली. राळ काही वेळ पकड देते, मग धूळ धरते आणि पट्टा फाडते. त्याहून वाईट म्हणजे ती लक्षण झाकते. व्ही-पट्ट्यावर राळ टाकणे ही चूकच आहे, तरी ती अजून पाहायला मिळते.

रबर आणि दोऱ्यांचा व्ही-पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स याने १९१७ मध्ये आणला. क्लचचा प्रवास तितकाच वळणाचा. पहिल्या मोटारींत चामड्याचे अस्तर लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. तो घसरू लागला की चालक त्यावर मुलतानी माती टाकत आणि झटके देऊ लागला की एरंडेल सोडत. पकड कमी-जास्त करण्याची ही कला आजच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. पुढे एक प्लेट, दोन पृष्ठभाग आणि गोल स्प्रिंगा असा कोरडा क्लच रुळला, आणि त्यानंतर गोल स्प्रिंगांच्या जागी ताटलीसारखी डायाफ्राम स्प्रिंग आली. निदानाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा ठरतो. प्लेट झिजते तसतसा गोल स्प्रिंगांचा दाब सतत उतरत जातो, त्यामुळे जुन्या जीपचा क्लच महिनोन्‌महिने आधीपासून कुरकुरत असे. डायाफ्राम स्प्रिंगचा दाब झिजेसोबत आधी थोडा वाढतो आणि मग एकदम कोसळतो. आजची मोटार परवापर्यंत ठीक असते आणि आज पिरंगुटचा चढ चढत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

पुण्याच्या परिसराने या विषयाचे जवळजवळ सगळे धडे आपल्याच कारखान्यांतून गिरवले. आकुर्डीच्या बजाज चेतकमध्ये हाताने आवळायचा, तेलात बुडालेला, कॉर्क लावलेल्या प्लेटांचा क्लच होता. १९७२ मध्ये आलेल्या कायनेटिकच्या लुनाने हाताचा क्लच काढूनच टाकला. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जाऊन आपोआप पकडणारा केंद्रोत्सारी क्लच घराघरात आला. १९८४ मध्ये पुण्याच्याच फिरोदिया समूहाने होंडाच्या सहकार्याने कायनेटिक होंडा काढली आणि व्हेरिएटरच्या म्हणजे व्यास बदलणाऱ्या पुल्यांवर चढ-उतर करणारा पट्टा भारतीय स्कूटरमध्ये स्थिरावला. या पट्ट्यामागची कल्पना नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत वापरली होती. २००१ मध्ये आलेल्या अ‍ॅक्टिव्हानंतर हा पट्टा इतका सार्वत्रिक झाला की आज मुळशीतल्या गॅरेजमध्ये क्लच प्लेटच्या बरोबरीने स्कूटरचा बेल्ट विकला जातो. शेताकडे पाहिले तर पॉवर टिलर जपानी सहकार्यातून आला : व्हीएसटी कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या साथीने सुरू झाली, तर केरळ सरकारची कॅम्को १९७३ ची. इंजिनापासून व्ही-पट्ट्यांची जोडी किंवा तिकडी, मग अनेक चकत्यांचा कोरडा क्लच, मग दात्यांचा गिअरबॉक्स, अशी या यंत्राची साखळी असते. घर्षणाचे दोन दुवे एकामागोमाग असल्यामुळे निदान शिकवायला यापेक्षा चांगले यंत्र नाही.

निदानाच्या पद्धतींत साधारण चार घराणी आहेत. पहिले मिस्त्रीचे : कान, नाक आणि तळहात. जळक्या लायनिंगचा वास आणि तापलेल्या रबराचा वास यांतला फरक, किंचाळीचा सूर आणि गुरगुरीचा सूर, पुलीवर हात ठेवून कळणारी उष्णता. दुसरे मोजमापाचे : टॅकोमीटर, व्हर्निअर, स्प्रिंग काटा, फीलर गेज. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांत डिझेल आणि मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमांत हेच शिकवले जाते, आणि १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे काम तर पूर्णपणे याच पायावर उभे आहे. तिसरे कंपनीच्या पुस्तिकेचे : लक्षण, संभाव्य कारण, उपाय असा तक्ता. चौथे स्कॅनरचे, जे गाडीच्या संगणकालाच विचारते. पाचवे एक घराणे आहे, त्याला घराणे म्हणवत नाही, पण अनुयायी त्याचेच सर्वांत जास्त : बदलून बघू. त्यात ग्राहकाच्या पैशाने प्रयोग होतो आणि कधीकधी प्रयोग यशस्वीही होतो, म्हणूनच ते टिकून आहे. हे पुस्तक पहिल्या दोन घराण्यांच्या बाजूचे आहे. कानाने संशय घ्यावा आणि मोजून खात्री करावी. तक्ता उपयोगी पडतो, पण तो सगळी कारणे एकाच ओळीत उभी करतो. दहा रुपयांची वायर आणि दहा हजारांचा क्लच सेट त्याच्या लेखी सारखेच. स्कॅनर कोणता दुवा घसरला ते सांगतो, का घसरला ते क्वचितच.

मोजण्याची सर्वांत साधी रीत दोन वेगांची तुलना. इंजिनाकडची पुली १०० मिलिमीटरची आणि पुढची २०० ची असेल, तर इंजिनाच्या २००० फेऱ्यांना पुढे १००० मिळायला हवेत. प्रत्यक्षात ९८० मिळाले तर घाबरायचे कारण नाही. भाराखाली लवचीक पट्ट्यात एक-दोन टक्के वेग नैसर्गिकपणे कमी होतो. ९०० मिळाले तर घसरण आहे. प्रकाशाने मोजणारे टॅकोमीटर आता कोणत्याही लहान गॅरेजला परवडते, आणि त्याच्या एका मापाने तासभराचा वाद मिटतो. हीच तुलना दुवा-दुवा करत पुढे नेली की जिथे हिशेब चुकतो तिथे दोष असतो. भातखाचरात मात्र शेवटचा दुवा यंत्राबाहेर असतो. टिलरची लोखंडी चाके फिरत आहेत आणि टिलर पुढे सरकत नाही, तर घसरण चिखलात आहे. पट्टा आणि क्लच दोघेही निर्दोष. हे इतके उघड वाटते, तरी चिखलणीच्या घाईत याच तक्रारीवरून क्लच उघडले जातात. जमिनीवर चाकाची थोडी घसरण असतेच; ट्रॅक्टरसाठी आठ ते पंधरा टक्के हे प्रमाण चांगल्या कामाचे मानले जाते.

पट्ट्यांच्या निदानात ताण, संरेखन आणि झीज हे तीन विषय येतात. व्ही-पट्ट्याचा ताण तपासताना दोन पुल्यांमधल्या मोकळ्या भागावर ठरलेला दाब देऊन पट्टा किती लवतो ते पाहतात. मीटरभर अंतराला सुमारे १६ मिलिमीटर हा व्यवहारातला अंदाज. टिलरच्या तीन पट्ट्यांपैकी एकच तुटला म्हणून एकच बदलणे ही खोटी काटकसर आहे. जुने दोन लांबलेले असतात, नवा एकटाच भार घेतो आणि महिनाभरात तोही जातो. मोटारीच्या इंजिनापुढचा लांब खोबण्यांचा सपाट पट्टा आवाज करत असेल तर चालू इंजिनात त्याच्या खोबणीच्या बाजूवर थोडे पाणी फवारून पाहण्याची जुनी युक्ती अजूनही खरी ठरते : आवाज वाढला तर ताण कमी आहे, क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. हा पट्टा घसरला की चार्जिंगचा दिवा लागतो किंवा इंजिन तापते, आणि मालक बॅटरी बदलून बसतो.

गवतकापणी यंत्राचा इतिहास १८३० पर्यंत मागे जातो. इंग्लंडच्या स्ट्राउड गावात एडविन बडिंग याने त्या वर्षी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या बसून चालवायच्या यंत्रात मात्र पट्टा दुहेरी काम करतो. आयडलर पुलीने तो ताणला की जोर जातो, सोडला की तुटतो. म्हणजे पट्टाच क्लच. त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा मुद्दाम घसरायचे असते, आणि त्यासाठी तो बाहेरून कापड गुंडाळलेला, आतून अरॅमिड दोऱ्यांचा बनवतात. त्याच मापाचा गिरणीतला पट्टा स्वस्तात मिळतो आणि काही आठवड्यांत जळतो. निदानाची पहिली पायरी इथे फार सोपी आहे. यंत्र चालते पण गवत कापत नाही, तर पात्याकडचा पट्टा. पाती फिरतात पण यंत्र चढावर थांबते, तर चाकाकडचा. त्यानंतर आयडलरची स्प्रिंग, त्याचा गंजलेला खिळा, खाली साचलेला ओल्या गवताचा थर आणि पात्याचे बेअरिंग पाहावे. पात्यासाठी विजेचा क्लच असेल तर बॅटरीचा दाबही तपासावा. चुंबकाला पुरेशी वीज मिळाली नाही, किंवा त्याच्या चकत्यांमधली फट झिजेने वाढली, तर तोही घसरतो. ही फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते आणि फीलर गेजनेच कळते.

मोठ्या यंत्रांत चाकांकडे तेलाच्या दाबाने जोर नेणारा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याची घसरण म्हणजे आतली गळती. तेल थंड असताना यंत्र ठीक चालते, अर्ध्या तासाने तेल तापून पातळ झाले की चढावर दम सोडते. पण याच लक्षणाने पट्ट्याचाही संशय येतो, आणि हे दोन्ही वेगळे करायला एक सोपी खूण आहे. यंत्र चढावर अडले असता गिअरबॉक्सवरच्या पुलीचा पंखा मंदावला तर दोष पट्ट्यात. पंखा जोरात फिरत राहिला आणि चाके थांबली तर दोष आत. आतला दोष मानण्याआधी ढकलण्यासाठीचा बायपास दांडा अर्धवट ओढलेला नाही ना, आणि तेल बदलल्यावर हवा काढली होती ना, हेही बघायचे असते.

मोटारीच्या क्लचला पुस्तकाने सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. लक्षण सर्वांना माहीत असते : इंजिनाचा आवाज चढतो, गाडी चढत नाही. त्याच्या उलट, गाडी ओढत नाही आणि इंजिनाचा आवाजही चढत नाही, तर क्लचला हात लावू नये. इंजिन, टर्बो किंवा ब्रेक बघावा. घसरण आधी वरच्या गिअरमध्ये चढावर जाणवते, कारण तिथे इंजिनावर पुरा भार येतो. उभ्या गाडीची चाचणी अशी : हँडब्रेक ओढून, पुढे मोकळी जागा ठेवून, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये थोडा एक्सिलरेटर देऊन क्लच सोडावा, चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. ही चाचणी एकदाच करावी, कारण ती स्वतःच प्लेट जाळते. क्लच न सुटणे, म्हणजे पेडल दाबूनही गिअर करकरत पडणे, हा अगदी उलटा दोष आहे आणि त्याची कारणे वेगळी आहेत. तरी दोन्ही तक्रारी गॅरेजमध्ये 'क्लच गेला' या एकाच वाक्यात येतात.

कारणे स्वस्तापासून महागाकडे तपासावीत. पेडलला मोकळी चाल नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि स्प्रिंगचा दाब प्लेटपर्यंत पोचतच नाही. वायर सैल केली की दोष संपतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजले तर दाब अडकून राहतो. ब्लीडर थोडा उघडताच गाडी ओढू लागली तर प्लेट निर्दोष समजावी. त्यानंतर तेल : इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलमधून प्लेटवर आलेले. सील न बदलता प्लेट बदलणे म्हणजे सहा महिन्यांनी परत येण्याचे आमंत्रण. शेवटी प्लेटची जाडी, प्रेशर प्लेट, आणि फ्लायव्हीलवरचे निळे डाग. क्लच पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय आणि घाटात हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवणे ही दोन कारणे कोणत्याही सुट्या भागात दिसत नाहीत, पण जळालेल्या प्लेटवर दिसतात.

मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात भिजलेला असतो. त्यात मोटारीचे, घर्षण कमी करणारी रसायने असलेले तेल ओतले तर नव्या प्लेटाही घसरतात. जपानी जासो मानकातला एमए हा शेरा अशा क्लचसाठी, तर एमबी हा कोरड्या पट्ट्याच्या स्कूटरसाठी. डब्यावर तो छापलेला असतो आणि क्वचितच वाचला जातो. स्कूटरमध्ये कोणत्या वेगाला आवाज चढतो हेच निदान असते. निघतानाच इंजिन ओरडले तर शू आणि त्यांची वाटी, मधल्या किंवा वरच्या वेगाला ओरडले तर अरुंद झालेला पट्टा. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर थोडा वेळच घसरत असेल तर काहीच न बदलता कव्हर उघडून वाळवावे.

हाताने गिअर टाकायच्या गिअरबॉक्समध्ये घर्षणाची घसरण होत नाही, कारण तिथे दाते आहेत. गिअर सटकतो तेव्हा डॉग दाते, लॉकिंग बॉलची स्प्रिंग किंवा सैल झालेले माउंटिंग दोषी असते. ऑटोमॅटिकची गोष्ट निराळी. हेरमान फ्योटिंगर याच्या १९०५ च्या पेटंटातून आलेल्या तेलाच्या दुव्यावर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवर, आणि १९३९ मध्ये जनरल मोटर्सने आणलेल्या हायड्रा-मॅटिकवर आजचे स्वयंचलित गिअरबॉक्स उभे आहेत. एकाच गिअरमध्ये घसरण असेल तर त्या गिअरच्या चकत्या, सर्व गिअरमध्ये असेल तर तेलाची पातळी, फिल्टर किंवा पंप, हा इथला मूळ नियम. तेल लाल आहे की तपकिरी, आणि जळका वास येतो का, हे बोटावर घेऊन कळते. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओमुळे स्वस्त झालेला एएमटी मात्र आतून साधा कोरडा क्लचच आहे. पाय चालकाचा नसून यंत्राचा, एवढाच फरक. दोन कोरड्या क्लचांचे डीसीटी गिअरबॉक्स घाटातल्या सरकत्या कोंडीत तापतात, आणि ते चालवणाऱ्याने ब्रेक सोडून-धरून पुढे रेंगाळण्याऐवजी अंतर पडू द्यावे हे सांगणारे कोणी भेटत नाही.

याच ठिकाणी स्कॅनर उपयोगी पडतो. अपेक्षित गिअर प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण जुळले नाही की पी ०७३०, गिअरबॉक्समधला भाग घसरतो आहे असे संगणकाला वाटले की पी ०८९४, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक पकडत नसेल तर पी ०७४१. हे कोड म्हणजे तीच दोन वेगांची तुलना, फक्त सेन्सरने केलेली. म्हणून ज्याला पुली मोजता येते त्याला कोडही कळतो. ज्याला फक्त कोड वाचता येतो तो गिअरबॉक्स बदलायला सांगतो.

या विषयाची निकड दोन बाजूंनी वाढली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि शहराजवळच्या तालुक्यात ऑटोमॅटिक गाड्यांची संख्या वाढली. चुकीच्या निदानाची किंमत आता काही शे रुपयांची राहिलेली नाही. दुसरीकडे, २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाच्या अनुदानातून टिलर आणि इतर यंत्रे लहान खातेदारांपर्यंत पोचली, पण त्यांची दुरुस्ती करणारे हात त्या वेगाने तयार झाले नाहीत. आंबेमोहोराची रोपे तीन-चार आठवड्यांची झाली की लावणी व्हावी लागते. ऐन चिखलणीत टिलर पाच दिवस गॅरेजमध्ये पडला तर रोपे जून होतात, आणि त्याचा खर्च कोणत्याही बिलावर दिसत नाही.

पुस्तकाची मांडणी त्यामुळे भागांच्या यादीने नव्हे, तर जोराच्या वाटेने होते : इंजिनापासून निघून चाकापर्यंत. वाचकाला टॉर्कची समीकरणे येत नसली तरी चालेल, गुणाकार आला पाहिजे. गॅरेजमधलेच शब्द ठेवले आहेत. क्लच वायर, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग यांना नवी नावे शोधण्यात वेळ घालवलेला नाही. प्रत्येक यंत्राचे आकडे देण्याचा प्रयत्नही केलेला नाही. पेडलची चाल, पट्ट्याची किमान रुंदी, ऑटोमॅटिकच्या स्टॉल चाचणीचे (ब्रेक धरून, गिअरमध्ये एक्सिलरेटर दाबण्याच्या चाचणीचे) फेरे ही मापे त्या-त्या कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावीत. इथले आकडे अंदाज येण्यापुरते आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांचा विचार थोडक्यात येतो, कारण त्यांतल्या बहुतेकांत क्लच नसतो. गिअरबॉक्स पूर्ण उघडून जोडण्याची कृतीही इथे नाही, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

सुरक्षेच्या सूचना मात्र जागोजागी पुन्हा सांगितल्या आहेत. गवतकापणी यंत्राच्या पात्याखाली हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून दूर ठेवायची, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन सुरू होऊ शकते. चालू पट्ट्यावर कापड, राळ किंवा बोट न्यायचे नाही. फवाऱ्याचे पाणीही हातभर अंतरावरूनच मारायचे. स्टॉल चाचणी पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये आणि गाडीपुढे कोणी उभे राहू नये. जुन्या क्लच प्लेटांच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून बेल हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ती ओल्या फडक्याने पुसून, फडके पिशवीत बंद करून टाकायचे.